घडीवालीचं ताट

आमची घडीवाली माझ्याशी एका डोळ्याने बोलायची. उजव्या डोळ्यात काळं भिंग घट्ट बसवलेलं, त्यातून ती घडीचं, म्हणजे घड्याळाचं, पोट पाहत असायची. मी काही विचारलं की मान हलवायची नाही. फक्त डावा डोळा माझ्याकडे फिरवायची आणि उत्तर द्यायची. लग्न झाल्यावर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा खरं सांगतो, मी दचकलो. नंतर त्या एका डोळ्यावरून सगळं कळायला लागलं. रागावली आहे, हसते आहे, की नुसतं ‘हो’ म्हणून मला वाटेला लावते आहे. धंदा उजव्या डोळ्यात आणि नवरा डाव्या डोळ्यात, अशी तिची वाटणी होती.

घडीवाली म्हणजे माझी बायको. वर्ध्याच्या बाजारात सगळे तिला घडीवालीच म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. यंदा पोळा झाला आणि ती गेली. मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या, लिहिण्याचा हात नाही. पण ज्यांनी ज्यांनी तिच्या बाजारातल्या खोक्यासमोर, त्या पत्र्याच्या टपरीसमोर, उभं राहून घडी दुरुस्त करून नेली, त्यांना ती कशी होती ते माहीत असावं, म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

खोकं तिच्या बापाचं. सासरेबुवांना मुलगा नव्हता. ही लहानपणी त्यांच्या मांडीपाशी बसून पडलेले स्क्रू शोधून द्यायची, त्यातच शिकली. बापाचा हात थरथरू लागला तसा तिचा बसला. नवं गिऱ्हाईक आलं की खोक्यात बाई पाहून इकडेतिकडे बघायचं आणि विचारायचं, “मालक कुठं गेले?”

ही मान वर न करता म्हणायची, “मालक घरी भाकरी थापून राह्यले. घडी द्या.”

लोक हसायचे. पण त्यात खोटं काही नव्हतं. जिनिंगचा सीझन संपला की भाकरी मीच करायचो.

बांगड्या कोपरापर्यंत सरकवून त्यावर रबर चढवायची, म्हणजे वाजू नयेत, कशात अडकू नयेत. आणि पंखा नाही. वर्ध्याचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे, पत्र्याच्या खोक्यात माणूस भाजून निघतं. पण पंखा लावला तर केसाएवढी स्प्रिंग उडून जाते, म्हणून तिनं आयुष्यभर खोक्यात पंखा लावला नाही. कपाळाला ओला पंचा बांधून बसायची. शेजारचा चपलांचा दुकानदार म्हणायचा, “बाई, कूलर तरी लावा जी, मराल एखाद दिवशी.” तर म्हणे, “माह्या घामानं घडी नाई बिघडत भाऊ. तुमच्या हवेनं बिघडते.” गिऱ्हाईकही उन्हामुळे फार वेळ टेकायचं नाही. दिवसभर ती एकटीच असायची आणि त्याचं तिला काही वाटायचं नाही. मला मात्र एकटं बसणं कधी जमलं नाही. आताही जमत नाही.

मोबाइल आले आणि धंदा बसला. पट्टा बदलून द्या, सेल टाकून द्या, एवढंच उरलं. सेल टाकायची, पण तोंड वाकडं करून. “सेलवर चालते ते घडी नोहे, टॉर्च हाये,” म्हणायची. चावीची किंवा हाताच्या हालचालीवर चालणारी घडी कोणी आणली की मात्र चेहरा उजळायचा. तशी घडी ती आधी कानाला लावायची, डॉक्टर छाती तपासतो तशी, आणि मगच उघडायची.

तिचा एक वैरी होता. स्टेशनजवळ घडीचं दुकान टाकून बसलेला, आम्ही त्याला ठेसनवाला म्हणायचो. जी घडी त्याच्याकडून होत नसे ती तो मुद्दाम इकडे पाठवायचा. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, “ठेसनवाल्यानं पाठवलं. म्हने बायकाइले फुरसत राह्यते, तिकडं जा.” ही दुरुस्त करायची आणि त्याच गिऱ्हाइकाच्या हाती निरोप धाडायची, “भाऊले म्हना, फुरसतीनं केली. तुमी फक्त घाई करा.” एवढी वर्षं दोघांचं भांडण चाललं, पण समोरासमोर ते दोन-चारदाच आले असतील.

दोन वेळांच्या घडीची गोष्ट तिला बापाकडून मिळाली. आश्रमात आलेला एक परदेशी पाहुणा पट्ट्याची खीळ बसवायला सासरेबुवांच्या खोक्यावर आला होता. त्याच्या मनगटावर चार काट्यांची घडी. तीन आपल्यासारखे, आणि चौथा काटा दिवसरात्रीतून एकच फेरा मारणारा, दुसऱ्या देशाची वेळ दाखवायला. विमान चालवणाऱ्यांसाठी अशी घडी निघाली, असं त्या पाहुण्यानं सांगितलं. त्या देशात म्हणे डोंगर आहेत, हिवाळाभर बर्फ, शेती बंद. मग शेतकरी घरात खिडकीशी बसून घडीचे पुर्जे घासायचे, बाप लेकराला शिकवायचा. अशा पिढ्यांवर पिढ्या गेल्या, तेव्हा तसली घडी झाली. सासरेबुवांनी खीळ बसवून दिली, पण घडी उघडून पाहायला मिळाली नाही. ती हळहळ त्यांनी मरेपर्यंत सांगितली आणि लेकीच्या अंगात उतरवून ठेवली.

मी एकदा म्हटलं, “शेती तर आपल्याकडंही उन्हाळाभर बंद राह्यते. जिनिंगही बंद. मग आमी काऊन नाई केल्या घड्या?”

डावा डोळा फिरला. “तुमी पत्ते खेलता म्हून.”

मग या वर्षी पाऊसपाणी सुरू असताना आष्टीहून एक मास्तरीणबाई आल्या. रिटायर झालेल्या. त्यांचे मालक जहाजावर इंजिनिअर होते, ते वारले, त्यांची घडी बंद पडली होती. कोणीतरी घडीवालीचं नाव सांगितलं म्हणून एसटीनं आल्या. रुमाल सोडला आणि घडी काढली. स्टीलची, वजनदार. काचेच्या भोवतीनं गोल कडं, अर्धं लाल अर्धं निळं, त्यावर चोवीसपर्यंत आकडे. आणि चार काटे.

घडीवालीनं डोळ्यातलं भिंग काढून हातात घेतलं. मी तिथंच होतो. गिऱ्हाइकाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहताना तिला मी पहिल्यांदा पाहिलं.

“मास्तरीणबाई, एक सांगते,” ती म्हणाली. “मी अशी घडी कधी उघडली नाई. माह्या बापानंही नाई. जमली तर चालू करून देईन, नाई जमली तर जशी देल्ली तशी जोडून परत देईन. तुकड्यात नाई देनार.”

मास्तरीणबाई म्हणाल्या, “नागपूरच्या दुकानात म्हणाले, कंपनीकडे पाठवावी लागेल, काही महिने लागतील. मला ती इतकी लांब पाठवायची नाही. तुम्हीच बघा.”

एवढी मोलाची घडी ती खोक्यात ठेवेना. बोरगाव मेघेला आमच्या घरी खिडकीखाली टेबल मांडलं आणि घरातलाही पंखा बंद झाला. मी म्हटलं, “अवं, मले तरी मारू नको.” म्हणाली, “बाहेर निंबाखाली बसा ना जी. कोनं धरलं तुमाले?” पण मी बसून राहिलो. तिला इतकं खुशीत मी लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिची एक पद्धत होती. काढलेले पुर्जे ती जेवणाच्या स्टीलच्या ताटात मांडायची. बापानं ओळीत मांडायला शिकवलं होतं, हिनं ताट घेतलं. बामच्या लहानमोठ्या डब्यांची झाकणं मेणाच्या थेंबानं ताटात चिकटवायची आणि एकेका झाकणात एकेक पुर्जा, त्याच्या स्क्रूसकट. मांडताना तोंडानं पुटपुटायची, “हे मीठ. हे लिंबू. ही चटनी.” मला वाटायचं, गंमत करते. संध्याकाळी त्यावर दुसरं ताट उपडं घालायची, धूळ नको म्हणून.

घडी पूर्ण उघडून झाली. कुठल्या चाकाचा दात झिजला ते तिला सापडलं, तो तिनं स्वतः घासून नीट केला. “उद्यापासून जोडाले लागते,” म्हणाली. सकाळी आंघोळीला पाणी काढताना छातीला हात लावून खाली बसली. दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. याच्यापुढे मला त्या दिवसाचं लिहिता येत नाही.

तेरवीच्या आधी घर साफ करायला माझी मोठी बहीण आली होती. मी अंगणात बसलो होतो. पाहतो तर ती दोन ताटं एकमेकांवर धरून फाटकाकडे निघालेली. मी विचारलं, “काय नेऊन राह्यली बाई?”

“शिळं ताट दिसते रे. झाकून ठेवलं कोनी तरी. गाईले टाकून येते.”

कसा उठलो ते मला आठवत नाही, पण फाटकाशी जाऊन तिचा हात धरला. ताट उघडून तिनं पाहिलं आणि घाबरून म्हणाली, “अरे देवा, मले काय मालूम! ताटात कोनी घडी वाढते का?” मेण होतं म्हणून काही सांडलं नाही. पण ताट गोल. ते हातात फिरलं, टेबलावर परत ठेवलं तेव्हा कुठून सुरुवात ते कोणाला कळणार?

मास्तरीणबाईंचा फोन आला तेव्हा मी सरळ सांगितलं. घडीवाली वारली, घडी खुली पडली आहे. मग म्हणाल्या, “असू द्या हो. मी येऊन आहे तशी घेऊन जाते.”

“नाई,” मी म्हटलं. “तुकड्यात नाई देत. तुमच्यासमोर तिनं सांगितलं होतं.”

“तुम्हाला कशाला त्रास?”

“त्रास नोहे जी. तिचा शब्द हाये.”

शब्द तिचा, पण हात माझे. गाठी उचलणारे हात. वर्ध्यात ही घडी जोडू शकेल असा एकच माणूस होता. मी रिक्षा केली आणि स्टेशनला गेलो.

ठेसनवाला म्हातारा झाला आहे. मला पाहून उठून उभा राहिला. ती गेल्याचं त्याला माहीत होतं, पण आमच्याकडे आला नव्हता. मी सगळं सांगितलं. म्हणाला, “असली घडी मी बापजन्मात नाई उघडली. साधं मशीन जोडीन. पन त्याच्यावर तो चौथ्या काट्याचा जादा थर हाये, त्यात कोनता चाक कुठं जाते, कोनता स्क्रू कुठं लागते, मले काय मालूम? बिघडली तर नाव कोनाचं जाईन?”

“तिचं जाईन,” मी म्हटलं. “तुमचं कायले जाते?”

ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी आपली अवजारं घेऊन घरी आला. मी पंखा बंद केला. त्यानं ताटावरचं ताट काढलं आणि पाहतच राहिला.

“हे काय हो?”

“ताट.”

“ते दिसते मले. पुर्जे ओळीत ठेवतेत. हे काय गोल-गोल मांडलं? पहिलं काय काढलं, शेवटलं काय काढलं, कसं कळावं? मी घडी जोडू का जेवाले बसू?”

आणि तेव्हा मला तिचं पुटपुटणं कानात आलं. मीठ. लिंबू. चटणी. मी ताट हळूहळू फिरवायला लागलो. ठेसनवाला ओरडला, “अवो, हात नका लावू!” मी फिरवतच होतो. एका बाजूला बारकी बारकी झाकणं दाटीनं बसलेली, समोरच्या बाजूला मोठी मोठी. बारकी डाव्या हाताला आली तसा थांबलो.

“हे पाहा भाऊ,” मी म्हटलं. “डाव्या अंगाले चटनी, कोशिंबीर, लोनचं. बारीक बारीक. उजव्या अंगाले भाज्या. मोठ्या. मग मीठ हे वरचं, मधातलं. बाई ताट वाढते तर पयले मीठ वाढते. मंग लिंबू, मंग डावी बाजू, मंग उजवी. भात शेवटी, आपल्या पुढ्यात. तिनं ज्या क्रमानं काढलं त्या क्रमानं वाढलं. तुमी भातापासून उलटे जा आन् मिठावर संपवा.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. “तुमाले कोनी सांगितलं?”

“कोनी नाई. एवढी वर्षं तिच्या हातचं जेवलो ना.”

त्यानं भिंग लावलं. भातापासून सुरुवात केली. पहिला पुर्जा बसला, त्याचा स्क्रू त्याच झाकणात होता, तोही बसला. मग तो एकेक उचलत गेला. मध्ये एकदाच म्हणाला, “दात काय घासला बाईनं.” दोन दिवस तो येत होता. दुपारी मी भाकरी करायचो, दोघं जेवायचो. दुसऱ्या दिवशी सकाळीच मिठाच्या झाकणातला शेवटचा स्क्रू बसला. घडी हलवली. सेकंदाचा काटा चालायला लागला.

पण चौथा काटा चालतो की नाही ते लगेच कळत नाही. तो इतका हळू सरकतो की डोळ्याला दिसतच नाही. दुपार होईपर्यंत वाट पाहिल्याशिवाय इलाज नव्हता. टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोन म्हातारे त्या घडीकडे पाहत बसलो. बऱ्याच वेळानं ठेसनवाला म्हणाला, “माह्याकडून नाई होत म्हून नोहतो पाठवत मी तिच्याकडं सगळ्याच घड्या. काही तर होत होत्या माह्याकडून.”

“मंग काऊन पाठवत होते?”

“तिचा निरोप येत होता ना वापस. शिव्या देल्ल्या तिले, शिव्या खाल्ल्या तिच्या. आता गिऱ्हाईक येते, पैसे देते, जाते. कोनी काही बोलत नाई.”

माझ्याशी तरी कोण बोलत होतं? लेक चंद्रपूरला, तिचा संसार तिला. दुपार कलली तेव्हा त्यानं वाकून पाहिलं. “सरकला,” म्हणाला. मीही पाहिलं. चौथा काटा सकाळच्या आकड्यावरून पुढे गेला होता. मग त्यानं घडीची वेळ लावायला घेतली आणि थबकला. “मोठे काटे तं झाले. चौथा कोनत्या गावाच्या वेळेवर लावू?”

मी विचार केला आणि म्हटलं, “इथल्याच. आता बाहेर कोनी नाई.”

मी फोन केला, तशा मास्तरीणबाई सकाळच्या एसटीनं आल्या. मी घडी त्यांच्या हातात दिली, जोडलेली, चालू. ठेसनवाल्यानं जोडली तेही सांगितलं, पण काढली कोणी, घासली कोणी, मांडली कोणी, ते आधी सांगितलं. त्यांनी घडी मनगटावर चढवली, ती सैल होऊन कोपरापर्यंत गेली. मग त्या चौथ्या काट्याकडे पाहत राहिल्या.

“ते जहाजावर असले की हा काटा आष्टीच्या वेळेवर असायचा,” त्या म्हणाल्या. “मोठे काटे जिथं जहाज असेल तिथले. फोन केला की आधी मला सांगायचे, आता तुझ्याकडे संध्याकाळ झाली असेल, दिवा लाव. जसं काही मला दिसतच नव्हतं.” थोडं हसल्या. “आता दोन्ही एकच वेळ दाखवतात.”

“बदलून देऊ का?”

“नको. बरोबर लावलंय.”

चहा घेतला नाही, गाडी होती. घडीवालीच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. बाईमाणूस बाईमाणसाला पाहते तसं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “आपलं नाव राखलं हो त्यांनी.” त्यांना रस्त्यापर्यंत सोडून मी परत आलो. टेबलावर आता काही नव्हतं. तिच्या हातचं शेवटचं काम घरातून गेलं होतं. ते जावं म्हणूनच मी धडपडलो होतो, आणि गेल्यावर घर जास्तच मोठं वाटायला लागलं.

घरात बसवत नाही म्हणून मी रोज बाजारात जाऊन खोकं उघडतो. मला सेलसुद्धा टाकता येत नाही, नुसता बसतो. खेड्यापाड्यातून अजून कोणी कोणी घडी घेऊन येतं. आंजीचा एक म्हातारा परवा आला होता. विचारलं, “घडीवाली नाई का?”

मी म्हटलं, “नाई.”

त्याला वाटलं, कुठं गेली असेल. म्हणाला, “बरं बरं. मंग मी बुधवारी येतो.”

मी म्हटलं, “या.”